मळ किती, चकती किती

क्लेच्या पोकर चकतीवर बसलेला मळ आणि त्या चकतीचा रंग यांच्यामध्ये काहीही नसतं. घरातल्या बहुतेक वस्तूंवर कसला ना कसला थर दिलेला असतो: लाकडावर पॉलिश, कपबशीवर काचेचा लेप, पत्त्यांवर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. मळ त्या थरावर बसतो, थर पुसला जातो आणि खालची वस्तू जशीच्या तशी राहते. या चकतीला असं संरक्षण नाही. तिचा रंग वरून दिलेला नसून आरपार एकच आहे. जो पृष्ठभाग दिसतो तो गाभ्याचाच उघड्यावर आलेला भाग. त्यामुळे ती साफ करायला बसणाऱ्याला सर्वांत आधी ठरवावं लागतं ते हे, की मळ कुठे संपतो आणि चकती कुठे सुरू होते. माझं म्हणणं असं, की घरी हाताने केलेली सफाई चांगली झाली की नाही हे चकतीकडे पाहून कळत नाही, पुसायच्या कापडाकडे पाहून कळतं. जो संग्राहक चमक हा निकष धरतो तो चकती झिजवतो, आणि दुर्दैव असं की झिजवल्यावरही ती त्याला सुंदरच दिसते. हे असं का होतं, ते समजण्यासाठी आधी ती वस्तू काय आहे ते पाहायला हवं.

नाव मातीचं असलं तरी ही चकती कुंभाराच्या भट्टीतून आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात पैशांच्या जागी हस्तिदंत, हाड किंवा शिंपल्याच्या टिकल्या वापरल्या जात. त्या महाग होत्या आणि कोरायला वेळ लागे. 1880 च्या दशकापासून अमेरिकेत त्यांची जागा एका स्वस्त मिश्रणाने घेतली: बारीक माती, रंगद्रव्य आणि ते सगळं धरून ठेवणारी लाख. हा गोळा तापवून साच्यात दाबला की नक्षीसकट चकती तयार. लाख म्हणजे आपल्याकडच्या पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा स्राव. छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यात गोळा होणारी ही लाख कलकत्त्याहून जगभर जाई, आणि ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही तिच्यावरच उभ्या होत्या. आपल्या सुतारांना तिची ओळख चपडा म्हणून आहे. पापुद्र्यासारखा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून ते लाकडाला पॉलिश करतात. या एका गोष्टीत सफाईचे अर्धे नियम आले. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून शंभर वर्षं जुन्या चकतीवर सॅनिटायझर किंवा स्पिरिटचा बोळा फिरवणं म्हणजे मळाबरोबर तिला बांधून ठेवणारा पदार्थही उचलणं. लाख सोड्यासारख्या अल्कधर्मी पाण्यातही विरघळते, म्हणून धुण्याचा सोडा, अमोनिया आणि टाकणखार हे तिन्ही बाद. शिवाय साधारण 75 अंशांच्या आसपास ती वितळते आणि त्याच्या बरीच आधी मऊ पडते, म्हणून कढत पाणीही बाद. साच्यात तापवून जिला आकार दिला, तीच चकती उष्णतेने आकार सोडणार, यात नवल नाही.

विसाव्या शतकात मिश्रणं बदलली आणि प्रत्येक कारखान्याने आपापली कृती गुपित ठेवली. बंधक कोणता, भरणीत काय आहे, हे चकती हातात घेऊन सांगता येत नाही. तिच्या वयावरून फार तर अंदाज बांधता येतो. पण दाबून घडवण्याची पद्धत टिकली. नेवाडा राज्याने 1931 मध्ये जुगार कायदेशीर केला, लास वेगास वाढत गेलं आणि कॅसिनोंना आपल्या नावाच्या, सहज नक्कल न होणाऱ्या चकत्या हव्याशा झाल्या. साधारण 39 मिलिमीटर व्यास हे माप रूढ झालं. पॉल एंडी यांनी 1963 मध्ये लास वेगासमध्ये पॉलसन ही कंपनी काढली. तिच्या साच्यात कडेने फिरणारी हॅट आणि छडीची नक्षी आज संग्राहकांना लांबूनही ओळखू येते. 2002 मध्ये पॉलसन, बड जोन्स आणि फ्रान्समधली बूर्गोन्य ए ग्रासे या तिघी एकत्र आल्या आणि पुढे त्यांचं नाव गेमिंग पार्टनर्स इंटरनॅशनल झालं. सफाईच्या दृष्टीने या इतिहासातली महत्त्वाची बाब एवढीच, की कॅसिनोच्या चकतीवर तीन वेगळ्या गोष्टी शेजारी नांदतात. एक, साच्याने उठवलेली नक्षी आणि पृष्ठभागावरची बारीक खरखर. दोन, कडेवरचे रंगीत ठिपके. हे रंगवलेले नसतात, दुसऱ्या रंगाच्या मिश्रणाचे तुकडे कापून बसवतात आणि मग सगळं एकत्र दाबतात. तीन, मधला मजकूर. तो कधी पारदर्शक प्लॅस्टिकखाली जपलेल्या छापील कागदावर असतो, तर कधी तापलेल्या ठशाने सोनेरी-रुपेरी वर्ख दाबून उठवलेला असतो. पहिल्या दोन गोष्टी ब्रश सहन करतात. तिसरीचं काही सांगता येत नाही. वर्खाची जाडी इतकी कमी असते की त्यावर घासणं म्हणजे नावच पुसणं. आणि जुन्या चकत्यांमध्ये कागदावर सेल्युलॉइडचं आवरण असेल तर नखावरचं पॉलिश काढायचं ॲसिटोन त्याला विरघळवून टाकतं.

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. बाजारात क्ले या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच चकत्या मुळात प्लॅस्टिकच्या असतात. त्यांच्या पोटात धातूची टिकली घालून वजन वाढवलेलं असतं आणि 11.5 ग्रॅम हा आकडा डब्यावर अभिमानाने छापलेला असतो. खरी दाबलेली चकती बहुधा याहून हलकी, साडेआठ ते दहा ग्रॅमच्या आसपास भरते. दोन चकत्या एकमेकींवर आपटल्या तर प्लॅस्टिकचा आवाज टणक येतो, क्लेचा बोदा. प्लॅस्टिकच्या चकत्या साबणाच्या पाण्यात बुचकळून काढल्या तरी बिघडत नाही, आणि पुढचं विवेचन त्यांच्यासाठी नाही.

आता मळ. पत्त्यांच्या टेबलावर शेकडो हातांतून फिरलेल्या चकतीवर प्रामुख्याने माणसाच्या त्वचेचं तेल असतं. त्यात स्निग्ध आम्लं, मेणासारखे पदार्थ आणि मृत त्वचेचे कण असतात. त्याला टेबलावरच्या लोकरी कापडाचे तंतू चिकटतात, सिगारेटच्या धुरातला पिवळट डांबरी अंश बसतो आणि सगळ्यावर धूळ. ताजं असेतो हे तेल सुटं असतं. वर्षं गेली की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची प्रक्रिया होऊन ते घट्ट, चिकट आणि तपकिरी होत जातं. म्हणून एकाच गठ्ठ्यातल्या दोन चकत्यांवरचा मळ सारखा वागत नाही. जी काल वापरात होती तिचा हलक्या हाताने जातो, जी चाळीस वर्षं पेटीत पडून आहे तिचा हटून बसतो. खरखरीत पृष्ठभागाच्या खोलगट भागांत तो साचतो आणि उंचवट्यांवरून हाताळण्यानेच निघून गेलेला असतो. ही विभागणी ध्यानात ठेवावी, कारण नंतर घासणारा हात नेमका उलटं करतो: उंचवट्यांना आधी भिडतो, तिथे मळ नसतोच, आणि खाचांपर्यंत पोचेपर्यंत उंचवटे खाल्लेले असतात.

तेलकट मळ साध्या पाण्याने निघत नाही आणि त्यासाठी जोरदार काही लागतही नाही. भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब पुरतात. त्यातल्या रेणूंचं एक टोक तेलाला चिकटतं, दुसरं पाण्याला, आणि तेलाचा कण पाण्यात ओढला जातो. हे काम रसायनाचं आहे, ताकदीचं नाही, त्यामुळे ब्रशचा उपयोग फक्त साबण खाचेत पोचवण्यापुरता. कोमट पाणी, हातावर ओतलं तर ऊब जेमतेम जाणवेल इतपत. लहान मुलांचा मऊ टूथब्रश. एका वेळी एकच चकती, आणि ती वाडग्यात भिजत न ठेवता ओल्या ब्रशने घासायची. दाबलेलं मिश्रण पूर्ण जलरोधक नसतं आणि कागदी मध्यभाग असेल तर पाणी कडेने आत शिरू शकतं. आधी कडा, मग दोन्ही बाजूंची बाहेरची नक्षी, आणि मधला भाग ब्रशऐवजी साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या सुती कापडाने टिपून. खाचेतला हट्टी कण बांबूच्या टोकदार काडीने उचलावा; सुई किंवा टाचणी नको, कारण ती मळ आणि माती यांत भेद करत नाही. मग नळाच्या बारीक धारेखाली एकदा धरून लगेच टिपायचं.

पाण्याचाही विचार करावा लागतो, विशेषतः दख्खनच्या बोअरवेलचं जड पाणी वापरणाऱ्यांनी. अशा पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. अंगाच्या वडीच्या साबणाशी त्यांचा चिकट साका होतो, आणि नुसतं पाणी वाळलं तरी पांढरट डाग मागे राहतात. गडद निळ्या किंवा काळ्या चकतीवर ते फारच दिसतात आणि मळ गेला नाही असं वाटून माणूस पुन्हा घासायला लागतो. शेवटची धार गाळून शुद्ध केलेल्या किंवा बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याची दिली की हा गोंधळ टळतो. टिपायला जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं मऊ झालेलं कापड घ्यावं, आणि ते पांढरंच असावं. वाळवायचं सावलीत, आडवं ठेवून, मधूनमधून उलटत, किमान एक दिवस. पावसाळ्यात दोन. उन्हात ठेवलं तर रंगद्रव्यं फिकटतात, आणि एका बाजूने लवकर वाळलेली चकती किंचित वाकू शकते. टेबलावर ठेवून टिचकी मारली की ती भोवऱ्यासारखी फिरते, आणि तिच्यावर दुसरी ठेवली की गठ्ठा डुगडुगतो.

कापड पांढरं असावं असं म्हटलं, त्यामागेच माझ्या सगळ्या युक्तिवादाचा पुरावा आहे. सफाई चालू असताना कापडावर जे उतरतं ते सुरुवातीला करडं किंवा तपकिरी असतं. चकती लाल असो, हिरवी असो की काळी, मळाचा रंग तोच. एका टप्प्यानंतर करडेपणा संपतो. त्यानंतरही घासत राहिलं तर लाल चकतीखाली कापड गुलाबी होतं, हिरव्या चकतीखाली फिकट हिरवं. ती माती आहे, रंगद्रव्य आहे. चकती स्वतः कापडावर येत आहे. तिथे थांबावं. क्वचित एखाद्या रंगाचा थोडासा अंश पहिल्याच पुसण्यात येतो, कारण वरच्या थरातलं बंधक वर्षानुवर्षांच्या हाताळण्याने आधीच कमजोर झालेलं असतं. अशा चकतीचा मळ पूर्ण न काढताच ती बाजूला ठेवणं शहाणपणाचं. हीच कसोटी लावून पाहिलं तर बहुतेक झटपट उपाय नापास होतात. घरातल्या भिंतीवरचे डाग पुसणारा पांढरा स्पंज हा त्यांतला सर्वांत मोहक. अमेरिकेत 2003 पासून मॅजिक इरेझर या नावाने तो घराघरात पोचला. तो मेलामाइनच्या फोमचा असतो, हाताला मऊ लागतो आणि पाण्याखेरीज काहीच लागत नाही, म्हणून सौम्य वाटतो. प्रत्यक्षात त्याची सूक्ष्म जाळी काचेसारखी कठीण असते आणि तो अतिबारीक पॉलिशपेपरचं काम करतो. त्याने मळ जातो हे खरं. तो घासून जातो, धुऊन जात नाही. क्लेवर तो फिरवून बघा: स्पंज काही सेकंदांत चकतीच्या रंगाचा होतो.

आपल्याकडे सफाईचा संस्कार तांब्या-पितळेच्या भांड्यांवर घडला आहे, आणि तो इथे नेमका आडवा येतो. चिंच किंवा पितांबरी लावून घासलं की तांब्याचा काळपटपणा जातो आणि खालून लख्ख धातू निघतो. तिथे काळपटपणा हा धातूचंच झालेलं संयुग असतो, तो काढला की निराळा, चकाकणारा पदार्थ उघडा पडतो, आणि भांडं इतकं जाड असतं की पिढ्यान्पिढ्या घासलं तरी पुरतं. चकतीच्या आत कुठलाही लख्ख पदार्थ दडलेला नाही. वर जे आहे तेच खाली आहे, फक्त नक्षीविना. म्हणून चिंच, लिंबू, व्हिनेगर यांचा इथे उपयोग शून्य. भरणीत खडूसारखी कॅल्शियमची भुकटी असेल तर आम्ल तिलाच खाईल. बेकिंग सोडा किंचित अल्कधर्मी असतो आणि कोरडा घासला तर खरखरीतही. कपड्यांचे डाग काढणाऱ्या ऑक्सिजनवाल्या पावडरीत सोडियम परकार्बोनेट असतं. पाण्यात पडलं की त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा होतो, म्हणजे विरंजक आणि तीव्र अल्क एकाच वेळी. नव्या, भरपूर संख्येने मिळणाऱ्या चकतीवर काही मिनिटं ते निभावून जाईलही. लाखेच्या जुन्या चकतीवर ते नकोच.

धुऊन वाळवलेली चकती बहुतेकांना निराश करते. मळ गेला, पण ती फिकट, पांढुरकी, खडूसारखी कोरडी दिसते. अनेकांना इथे वाटतं की अजून मळ उरला आहे, आणि घासण्याची दुसरी फेरी सुरू होते. वास्तविक ही पांढुरकी झाक मळाची नाही, प्रकाशाची आहे. पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांत हवा भरलेली असते. हवेचा अपवर्तनांक 1, मातीतल्या केओलिनचा साधारण 1.56. या मोठ्या फरकामुळे प्रकाश खळग्यांच्या कडांवर सगळीकडे विखुरतो आणि हा विखुरलेला पांढरा प्रकाश रंगावर पडदा धरतो. खळग्यांत हवेऐवजी खनिज तेल शिरलं, ज्याचा अपवर्तनांक 1.47 च्या आसपास आहे, की फरक जवळजवळ मिटतो, विखुरणं कमी होतं आणि खालचा रंग गडद होऊन समोर येतो. म्हणून संग्राहक शेवटी चकतीला तेलाचा हात देतात. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन हेच ते खनिज तेल. एक थेंब दोन्ही बाजूंना आणि कडेला बोटाने पसरायचा, काही तास ठेवायचं, आणि कोरड्या कापडाने शक्य तेवढं पुसून घ्यायचं. खोबरेल, शेंगदाणा किंवा जवसाचं तेल वापरू नये. खनिज तेल हवेशी फारशी प्रक्रिया करत नाही, खाद्यतेलं करतात. जवसाचं तर सुकून चिवट कवच होतं, ज्या गुणासाठी चित्रकार ते वापरतात, आणि शेंगदाण्याचं खवट होऊन नव्या मळाला आमंत्रण देतं.

तेल म्हणजे फसवणूक, असा आक्षेप काटेकोर संग्राहक घेतात, आणि मी तो गंभीरपणे घेतो, मात्र वेगळ्या कारणासाठी. तेल रंग निर्माण करत नाही, असलेला दाखवतं. तेवढ्यापुरतं ते निर्दोष आहे. काळाच्या ओघात ते कापडावर, हातावर, पेटीच्या अस्तरावर उतरत जातं आणि साबणाच्या पाण्याने बऱ्यापैकी काढता येतं, म्हणजे निर्णय पुष्कळसा फिरवता येतो. खरा धोका असा, की तेल चांगल्या आणि वाईट सफाईतला फरक झाकतं. एक चकती साबणाने जपून धुतलेली आणि दुसरी स्पंजने सोललेली, दोन्हींना तेल लावलं आणि समोरून पाहिलं तर दोन्ही सारख्याच झळाळतात. किंबहुना सोललेली जास्त एकसारखी दिसते, कारण तिची खरखर गेलेली असते. फरक कळायला दिवा बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर धरावा लागतो. तिरक्या उजेडात पहिलीच्या अंगावर साच्याची बारीक जाळी सावल्यांनी उठून दिसते, तिची कड नखाला टोचते. दुसरीचा पृष्ठभाग गुळगुळीत पसरलेला आणि कड गोल. जे नुकसान भरून येत नाही ते समोरच्या उजेडात दिसत नाही, आणि जे कौतुक होतं ते समोरच्या उजेडात होतं. म्हणूनच चमकेवर भरवसा ठेवू नये असं मी म्हणतो. तेल लावण्याआधी, कोरड्या पांढुरक्या अवस्थेत, तिरक्या उजेडात एकदा तपासणी झाली पाहिजे, कारण चकती खरं सांगते ती त्याच अवस्थेत.

कुणी म्हणेल, कारखान्यात हजारोंनी दाबलेल्या वस्तूसाठी एवढा खटाटोप कशाला? एखाद-दुसरी झिजली तर काय बिघडलं? पण हजारोंनी बनलेल्या म्हणजे हजारोंनी उरलेल्या नव्हेत. नेवाडाच्या नियमांनुसार बंद होणाऱ्या कॅसिनोने आपल्या चकत्या ग्राहकांकडून परत घ्याव्या लागतात आणि नंतर त्यांची विल्हेवाट लावावी लागते. चलनासारखी वस्तू धन्याविना बाजारात फिरू नये हा त्यामागचा हेतू. त्यामुळे मोडून गेलेल्या कॅसिनोच्या ज्या चकत्या आज दिसतात त्या कुणाच्या तरी खिशात राहून गेलेल्या. त्यांचा अभ्यास करणाऱ्यांची अमेरिकेत 1988 पासून राष्ट्रीय संघटना आहे. तिच्या सदस्यांना एखाद्या कॅसिनोची चकती कुणी आणि कोणत्या काळात बनवली हे ओळखायचं असतं तेव्हा मधल्या नावाइतकाच आधार साच्याच्या नक्षीचा असतो. कागदावरचं नाव कुणीही छापू शकतो. साचा मात्र कारखान्याची सही असतो. खरी आणि नकली चकती यांतला भेदही पुष्कळदा त्या बारीक जाळीवरच ठरतो. म्हणजे स्पंज जो भाग सर्वांत आधी खातो, तोच भाग अस्सलपणाची साक्ष देणारा आहे.

दुसऱ्या टोकाचे लोक नाण्यांचा दाखला देतात. नाणेसंग्राहक सफाईला घाबरतात आणि ते बरोबरच आहे. पीसीजीएस आणि एनजीसीसारख्या प्रतवारी करणाऱ्या संस्था चुकीच्या पद्धतीने साफ केलेल्या नाण्याला तसा शेरा देतात आणि त्याची किंमत कोसळते. मग चकतीही तशीच मळकी का ठेवू नये? मला हा दाखला अर्धाच लागू वाटतो. जुन्या नाण्यावरची झाक ही धातूच्याच पृष्ठभागाचं रूपांतर असते आणि बहुधा स्थिर असते, म्हणून ती नाण्याचा भाग मानणं सयुक्तिक आहे. चकतीवरचा मळ बाहेरून आलेला, चिकट आणि स्थिर न झालेला आहे. तो धूळ धरून ठेवतो, धुळीत वाळूचे कठीण कण असतात, आणि चकत्या गठ्ठ्याने एकमेकींवर ठेवतात. दर वेळी गठ्ठा हलला की हे कण दोन नक्षींमध्ये घासले जातात. चकती न धुणं हाही एक निर्णय आहे आणि त्याचीही झीज असते, फक्त ती हळू होते. म्हणून तेलकट मळ काढावा. पण मळाच्या वेषात कधीकधी माहिती असते, तिथे हात आवरावा: कॅसिनोने बाद करताना पाडलेलं भोक किंवा खाच, कुणी शाईने घातलेला आकडा, पाडकामाच्या राडारोड्यातून आलेल्या चकतीला चिकटलेलं सिमेंट. सिमेंट खरवडून काढलेली चकती आणि तशीच ठेवलेली चकती यांत अभ्यासकाला दुसरीच जास्त काही सांगते, भलेही ती कपाटात कुरूप दिसो.

यंत्राचा प्रश्न उरला. चष्मे आणि दागिने धुणारं अल्ट्रासोनिक यंत्र आता स्वस्त झालं आहे, आणि पाचशे चकत्यांचा ढीग समोर असेल तर एकेक ब्रशने धुण्याचा सल्ला पुस्तकी वाटणं स्वाभाविक आहे. या यंत्रात ध्वनिलहरींनी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात आणि त्या धक्क्याने खाचेतला मळ सुटतो. घासणं होत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण बुडबुडे मळ आणि सैल झालेला वर्ख यांत निवड करत नाहीत, चकती पाण्यात पूर्ण बुडवावी लागते, आणि चालत राहिलं की यंत्र पाणी तापवत जातं. वर्ख नसलेल्या, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, भरपूर उपलब्ध चकत्यांसाठी एखाद-दोन मिनिटांच्या फेऱ्या मी मान्य करीन, तेही आधी एका कमी किमतीच्या चकतीवर करून पाहून. हाताचा खरा फायदा अचूकपणाचा नाहीच. हात हळू असतो, आणि कापडाचा रंग बदलला की तो थांबू शकतो. यंत्राला तो रंग दिसत नाही.

आरोग्याची बाब थोडक्यात, पण टाळण्यासारखी नाही. काही जुन्या चकत्यांमध्ये वजनासाठी किंवा रंगासाठी शिशाची संयुगं वापरली जात. चकती हाताळून सहसा काही होत नाही. कोरडी घासली, पॉलिशपेपर लावला तर जी धूळ उडते ती घातक. कोरडं घासू नये यासाठी हे दुसरं, अधिक वजनदार कारण. धुण्याचा वाडगा स्वयंपाकाचा नसावा, ब्रश परत दातांकडे जाऊ नये, लहान मुलं जवळ नसावीत आणि शेवटी हात साबणाने धुवावेत.

राहता राहिली साठवण आणि नोंद. धुतलेल्या चकत्या मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नयेत. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ कालांतराने बाहेर पडून चिकट थर धरतो, आणि तेल लावलेल्या चकतीवर तो कधी बसला हे कळतही नाही. कडक ॲक्रिलिकचे खाचांचे ट्रे किंवा आम्लरहित कागदाची पाकिटं बरी. पाकिटावर पेन्सिलने दोन ओळी लिहाव्यात: कशाने धुतली, तेल लावलं की नाही, कोणत्या वर्षी. चकती पुढे कधी विकली किंवा बदलून दिली तर त्या ओळी तिच्याबरोबर जाव्यात, कारण घेणाऱ्याला गडद रंग दिसेल, पण तो तेलाचा किती आणि चकतीचा किती हे ठरवायला त्याला आधी तेल काढावं लागेल.